रिचार्जविना दूरचित्रवाणी : लातूर भागातील घरासाठी उपकरणांची निवड

दरमहा पैसे न भरता घरी दूरचित्रवाणी पाहण्याचे दोन मार्ग जगभर रूढ आहेत. पहिला भूस्थित प्रक्षेपणाचा, म्हणजे उंच मनोऱ्यावरून निघालेल्या रेडिओलहरी घरावरच्या अँटेनाने थेट पकडण्याचा. दुसरा उपग्रहाचा, ज्यात विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी छत्रीने गोळा केल्या जातात. ब्रिटनसारख्या देशात ‘फ्रीव्ह्यू’ आणि ‘फ्रीसॅट’ या नावांनी हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू असल्यामुळे तेथील कुटुंबापुढे खरोखरीचे दोन पर्याय असतात. लातूर, नांदेड, धाराशिव आणि बीड या पट्ट्यात मात्र ही निवड अंतरानेच करून टाकली आहे, आणि हे ध्यानात न आल्यामुळे अनेकांचे पैसे चुकीच्या वस्तूवर खर्च होतात.

मनोऱ्यांचा काळ

एके काळी मराठवाड्यातील घरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेना उभे असत आणि खुलताबादजवळच्या म्हैसमाळ किंवा अंबाजोगाई येथील दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून येणारे चित्र ते पकडत. हे प्रक्षेपण ॲनालॉग पद्धतीचे होते, म्हणजे चित्राचा उजेड-अंधार आणि आवाज यांचे चढउतार लहरींवर जसेच्या तसे चढवले जात, त्यामुळे लहर क्षीण झाली की पडद्यावर मुंग्या येत, पण चित्र पूर्ण नाहीसे होत नसे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने हे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने आवरते घेतले आणि सामरिक महत्त्वाची काही ठिकाणे वगळता ते बंद करण्यासाठी मार्च २०२२ ही मुदत ठरवली. त्याची जागा घेऊ शकेल असे अंकीय भूस्थित प्रक्षेपण दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत सुरू केले होते. डीव्हीबी-टी२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात पाठवले जातात आणि पूर्वी एका वाहिनीला लागणाऱ्या जागेत अनेक वाहिन्या मावतात. त्या १६ शहरांत महाराष्ट्रातील दोनच नावे होती, मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर.

संभाजीनगर लातूरपासून सरळ रेषेत मोजले तरी दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. मनोऱ्यावरून निघणाऱ्या या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीच्या गोलाईआड असलेल्या गावापर्यंत पोहोचत नाहीत. दीडशे मीटर उंच मनोऱ्याचे रेडिओक्षितिज साधारण पन्नास किलोमीटरांवर संपते आणि घरावरचा अँटेना कितीही उंच केला तरी त्यात थोडीच भर पडते. म्हणून ‘डिजिटल अँटेना लावा, शंभर वाहिन्या फुकट पाहा’ अशी जाहिरात करून विकले जाणारे खिडकीत ठेवायचे चपटे अँटेना लातूरच्या घरात निरुपयोगी ठरतात. ते बिघडलेले असतात असे नाही. त्यांना पकडण्यासारखे काही त्या हवेत नसते. मोबाइलवर थेट प्रक्षेपण पोहोचवण्याचे प्रयोग देशातील काही शहरांत झाले आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर आज घरासाठी एखादे उपकरण घ्यावे अशी स्थिती नाही. या भागात रिचार्जविना दूरचित्रवाणी म्हणजे उपग्रहाची दूरचित्रवाणी, असे निःसंदिग्धपणे म्हणता येते.

उपग्रहाची दूरचित्रवाणी मराठवाड्याच्या वेशीपर्यंत फार पूर्वीच येऊन गेली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण या विषयांवरील कार्यक्रम दाखवण्यात आले. त्या खेड्यांत तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभी केलेली असे. कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा या प्रयोगात होता. त्याला लागून असलेला उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा, ज्याचा लातूर परिसर तेव्हा भाग होता, त्याबाहेर राहिला. त्यानंतर उपग्रहावरून येणाऱ्या लहरी अधिक जोरकस झाल्या आणि त्यांची कंपनसंख्याही वाढली, म्हणून तीन मीटरच्या छत्रीचे काम साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर भागू लागले. घरगुती उपग्रह दूरचित्रवाणी शक्य झाली ती या बदलामुळे.

फुकट म्हणजे काय

भारतात मासिक शुल्क नसलेली थेट घरपोच उपग्रह सेवा (डीटीएच) दूरदर्शन चालवते. १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ वाहिन्यांनिशी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली आणि २०१४ पासून ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ च्या सुमारास दिलेल्या माहितीनुसार तिच्यावर १६७ दूरचित्रवाणी वाहिन्या होत्या, त्यांपैकी ९१ दूरदर्शनच्या आणि ७६ खासगी, शिवाय आकाशवाणीच्या ४८ सेवा. फिक्की हा उद्योगसंघ आणि ईवाय ही सल्लागार संस्था यांच्या २०२२ च्या अहवालात या सेवेची व्याप्ती अंदाजे ४ कोटी ३० लाख घरे इतकी सांगितली आहे.

प्रेक्षकाकडून काही न घेता ही सेवा चालते, कारण खासगी वाहिन्या तिच्यावरील जागा लिलावात विकत घेतात आणि तो खर्च जाहिरातींतून भरून काढतात. फुकटपणाचे हे गणित उपकरण घेण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे, कारण लिलाव साधारण वर्षासाठी होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्यांची यादी बदलते. मोठ्या समूहांच्या झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या लोकप्रिय हिंदी वाहिन्या मार्च २०१९ मध्ये या सेवेवरून गेल्या, २०२० मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. त्या त्या वेळी अनेक घरांत छत्री बिघडली असे समजून कारागीर बोलावले गेले, वास्तविक डब्यावर (सेट टॉप बॉक्सवर) वाहिन्यांचा नव्याने शोध घेणे एवढेच करायचे होते, आणि जी वाहिनी सेवेवरच उरली नव्हती ती कोणत्याही शोधाने सापडणार नव्हती.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने या यादीत स्थिर आधार आहे तो दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीचा. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या खासगी मराठी वाहिन्या या सेवेवर राहिल्या आहेत, पण त्यांचे स्थान लिलावावर अवलंबून असते; झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्यांच्या मालिका ज्या घरात रोज पाहिल्या जातात, त्या घराची गरज फ्री डिश भागवू शकत नाही, हे विक्रेत्याने आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. उलट क्रिकेटच्या बाबतीत फुकट पाहणारा काही वेळा फायद्यात असतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने हक्कधारक वाहिन्यांवर बंधनकारक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील निकालानंतर हे प्रक्षेपण दूरदर्शनला स्वतःच्या भूस्थित आणि फ्री डिश सेवेवरच दाखवता येते, खासगी केबल किंवा डीटीएचवर नाही. त्यामुळे भारतीय संघाचा असा सामना फ्री डिशच्या घरात दिसत असतो, तेव्हा शेजारच्या सशुल्क जोडणीवर दूरदर्शनच्या त्याच वाहिनीवर दुसरेच काही चाललेले असते.

खर्चाचा हिशेब साधा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा सशुल्क जोडणीच्या नुसत्या वहनशुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये होती, जी १८ टक्के करासह १५३ रुपये ४० पैसे होई, आणि पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांची किंमत त्यावर निराळी लागे. ही मर्यादा २०२४ मध्ये काढण्यात आली. फ्री डिशच्या संपूर्ण संचाचा एकदाचा खर्च प्रसार भारती सुमारे २,००० रुपये सांगते. म्हणजे जुन्या दराने केवळ वहनशुल्काच्या तेरा महिन्यांत तो भरून निघतो. मात्र हे दोन हजार रुपये कशावर खर्च होतात, यावर पुढची दहा वर्षे कशी जातील हे ठरते, आणि बहुतेक घरांत ते उलट क्रमाने खर्च होतात : डब्याची पारख पुष्कळ केली जाते, छत्री, तिची बैठक आणि तार मात्र कारागीर देईल ती घेतली जाते.

छत्रीची दिशा आणि जागा

फ्री डिशचे संदेश जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून तो एरियान-५ अग्निबाणाने सोडण्यात आला आणि तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर दिसतो. लातूर शहर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांश आणि ७६.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. यावरून गणित केले असता उपग्रहाचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, लातूरसाठी १३६ अंश येतो, आणि उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, ६१ अंश. नांदेडसाठी दिगंश १३८ ते १३९ अंश होतो आणि उन्नतांश तोच राहतो. थोडक्यात, या सबंध पट्ट्यात उपग्रह आग्नेयेला, आणि आकाशात बराच वर आहे.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. मनोऱ्याच्या काळात अँटेना जितका उंच तितके चित्र चांगले, ही सवय घरोघरी रुजली आणि तिच्यामुळे आजही छत्री पाण्याच्या टाकीवर, जिन्याच्या खोलीवर किंवा लांब नळाच्या टोकावर चढवली जाते. छत्तीस हजार किलोमीटरांवरच्या उपग्रहाच्या दृष्टीने दहा-वीस फुटांनी काही फरक पडत नाही. उपग्रह ६१ अंशांवर असल्यामुळे छत्रीच्या आग्नेयेकडील अडथळा तिच्या पातळीपासून जितका उंच असेल त्याच्या साधारण ०.५५ पट अंतर मधे असले की वाट मोकळी होते. छत्रीपेक्षा तीन मीटर उंच भिंत असेल तर तिच्यापासून पावणेदोन मीटर मागे सरकणे पुरते. म्हणून अंगणात, गच्चीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला किंवा हात पोहोचेल अशा भिंतीवर बसवलेली छत्री टाकीवरच्या छत्रीइतकेच चित्र देते. शिवाय ती वादळात हलत नाही, विजेच्या वाटेत सहसा येत नाही आणि शिडी न लावता पुसता येते. लातूर भागात छत्री शक्य तितकी खाली बसवावी, या एका सूचनेने निम्म्या तक्रारी टळतील.

मोकळी वाट तपासण्यासाठी एक नैसर्गिक साधन वर्षातून दोनदा उपलब्ध होते. मार्चच्या १२ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या १ तारखेच्या आसपास काही दिवस सूर्य लातूरहून पाहता उपग्रहाच्या नेमक्या मागे येतो. मार्चमध्ये ही वेळ सकाळी सव्वाअकराच्या आणि ऑक्टोबरमध्ये अकराला पाच कमी असतानाच्या सुमाराची असते. त्या मिनिटांत सूर्याचा स्वतःचा रेडिओगोंगाट छत्रीत शिरून चित्र तुटते, आणि हा बिघाड नसून तो काही मिनिटांत आपोआप थांबतो. परंतु त्याच वेळी ज्या जागेवर थेट ऊन पडते, तेथून उपग्रह नक्की दिसतो, आणि जेथे कडुनिंबाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते तेथे छत्री बसवून उपयोग नाही. इतर दिवशी होकायंत्र वापरावे. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जाणवण्याजोगा फरक नाही, पण मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी सळ्या आणि पत्र्याजवळ हमखास चुकते, म्हणून दिशा त्यांच्यापासून दूर उभे राहून घ्यावी.

बाजारात मिळणारी घरगुती छत्री ‘ऑफसेट’ जातीची असते, म्हणजे तिचा संदेश गोळा होण्याचा बिंदू छत्रीच्या मध्यासमोर नसून खालच्या कडेच्या बाजूला असतो. अशा छत्रीचा चेहरा प्रत्यक्षात जेथून लहरी येतात त्यापेक्षा पुष्कळ खाली पाहतो आहे असे वाटते. लातूरमध्ये ती नीट बसली असता उभ्या रेषेपासून अदमासे ३५ अंश मागे झुकलेली दिसते. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर या कंपनसंख्येला सुमारे तीन अंश रुंद असते, त्यामुळे एक-दीड अंशाने दिशा चुकली तरी स्वच्छ हवेत चित्र दिसत राहते आणि पहिल्या जोरदार सरीत ते तुटते. पावसात चित्र जाणाऱ्या घरांनी मोठ्या छत्रीचा विचार करण्याआधी आहे तीच छत्री अचूक फिरवून घ्यावी.

पावसाचा परिणाम या सेवेवर होतोच, कारण ती वापरत असलेल्या केयू पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे पावणेतीन सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात व विखुरतात. तरीही लातूरची स्थिती या बाबतीत अनुकूल आहे. लंडनमध्ये फ्रीसॅटचा उपग्रह जेमतेम २५ अंशांवर असल्यामुळे लहरींना पावसाच्या थरातून तिरपा आणि लांब प्रवास करावा लागतो. थर सारख्याच जाडीचा धरला तर लातूरमध्ये तोच प्रवास त्याच्या निम्म्याहून कमी असतो. अचूक बसवलेली ६० सेंटिमीटरची छत्री येथे बहुतेक दिवस पुरते. ७५ सेंटिमीटरची छत्री घेतली तर गोळा करणारे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते आणि वळवाच्या किंवा सप्टेंबरमधल्या मोठ्या सरीत चित्र अधिक काळ टिकते, मात्र वारा धरण्याचे क्षेत्रही त्याच प्रमाणात वाढते. तेव्हा मोठी छत्री भक्कम भिंतीवरच लावावी.

बैठकीचा विचार घराच्या बांधणीप्रमाणे करावा लागतो. सिमेंटच्या स्लॅबवर विस्तारणाऱ्या बोल्टांनी चौकोनी तळपट्टी घट्ट बसते आणि बोल्टाभोवती पाणी मुरू नये म्हणून लेप दिला की काम संपते. पत्र्याच्या छतावर छत्री कधीही थेट बसवू नये, कारण वाऱ्याने पत्रा थरथरतो, दिशा रोज थोडी बदलते आणि भोकातून गळती सुरू होते. अशा घरात भिंतीवर आडवा हात किंवा अंगणात काँक्रीटमध्ये रोवलेला नळ हाच योग्य आधार. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत तर छताला खिळा मारणे म्हणजे मातीच्या थरात पाण्याला वाट करून देणे होय. तेथे दगडी भिंतीचा किंवा अंगणातील खांबाचा आधार घ्यावा आणि छत्री खाली असली तरी चालते, ही मघाची सूचना येथे सर्वाधिक उपयोगी पडते. वीज चमकू लागली की डब्याची वीजजोडणी आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावीत, आणि छत्रीचा लोखंडी आधार जाड तारेने जमिनीशी जोडून घ्यावा.

एलएनबी, तार आणि डबा

छत्रीसमोर बसवलेल्या भागाला एलएनबी म्हणतात. छत्रीने एकवटलेल्या क्षीण लहरी मोठ्या करणे आणि त्यांची कंपनसंख्या तारेतून वाहून नेता येईल इतकी खाली आणणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी लागणारी वीज त्याला डब्याकडून त्याच तारेतून मिळते. नेहमीचा ‘युनिव्हर्सल’ केयू एलएनबी येथे चालतो. घरात दोन खोल्यांत दोन संच असतील तर दुसरी छत्री न घेता दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा, ज्याच्या प्रत्येक तोंडाहून एकेका डब्याकडे स्वतंत्र तार जाते. लहरींचे कंपन ज्या प्रतलात होते त्याला ध्रुवीकरण म्हणतात, आणि त्याच्याशी जुळण्यासाठी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवावा लागतो. हे काम पडद्यावरील ‘क्वालिटी’चा आकडा पाहत करावे. डबा दोन आकडे दाखवतो : ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे तारेतून काहीतरी येत असल्याची खूण, तर ‘क्वालिटी’ म्हणजे त्यातील उपयुक्त संदेश किती स्वच्छ आहे त्याचे माप. पहिला आकडा भलत्याच उपग्रहावरही मोठा दिसू शकतो, म्हणून कारागीर जाण्याआधी घरमालकाने दुसरा आकडा पाहून घ्यावा.

तारेला आरजी-६ जातीची समाक्ष केबल लागते, म्हणजे मधोमध एक तार आणि तिच्याभोवती जाळीचे कवच असलेली. जुन्या केबल जोडणीची बारीक तार वापरून शंभर रुपये वाचवण्यात अर्थ नाही. मधली तार तांब्याची, कवच दाट, लांबी शक्यतो तीस मीटरांच्या आत, मधे सांधा नाही आणि दोन्ही टोकांना पेचाची किंवा दाबून बसवलेली एफ-कनेक्टर टोपी, एवढे पाहिले की पुरते. घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथून टपकते आणि भिंतीत उतरत नाही. उघड्यावरच्या टोपीत पाणी शिरून जाळी काळी पडणे हे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात चित्र खराब होण्याचे नेहमीचे कारण असते, आणि रबरी आवरण चढवले तर ते टळते.

डब्याच्या बाबतीत एकच प्रश्न निर्णायक आहे : तो एमपेग-४ जाणतो की नाही. चित्राची माहिती दाबून लहान करण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमपेग-२ आणि नवी एमपेग-४, आणि सारख्याच प्रतीच्या चित्रासाठी नव्या पद्धतीला सुमारे निम्मी जागा पुरते. फ्री डिशवर दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या आहेत. जुना डबा एमपेग-२ च्याच दाखवतो, नवा दोन्ही. दुकानात स्वस्तात पडून असलेला जुन्या पद्धतीचा डबा आज घेणे म्हणजे विकत घेतल्या दिवसापासून काही वाहिन्यांवर पाणी सोडणे. घरात जुना मोठ्या नळीचा संच असेल तर डब्याला लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन तोंडे आहेत याची, आणि सपाट संच असेल तर एचडीएमआय तोंड आहे याची खात्री करावी. सेट टॉप बॉक्ससाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे डब्यावर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. बारा व्होल्टांच्या ॲडाप्टरवर चालणारा डबा भारनियमनाच्या काळात लहान बॅटरीवरही चालवता येतो, ही सोय खेड्यात लहान नाही.

घरात पूर्वीच्या खासगी डीटीएच जोडणीची छत्री पडून असेल तर नवी घेण्याचे बहुधा कारण नसते. डिश टीव्हीची छत्री ९५ अंशांवरच्या उपग्रहाकडे पाहत असते, म्हणजे फ्री डिशसाठी ती किंचित फिरवली की पुरते. डी२एचची ८८ अंशांवर, टाटा प्लेची ८३ अंशांवर आणि एअरटेलची १०८ अंशांच्या आसपास असल्यामुळे त्यांना थोडे अधिक वळवावे लागते आणि एलएनबी तपासून घ्यावा लागतो. यांपैकी डी२एच ही सेवा संभाजीनगरशी जोडलेल्या व्हिडिओकॉन समूहाने सुरू केली आणि २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली, त्यामुळे तिच्या छत्र्या मराठवाड्यात पुष्कळ दिसतात. या कंपन्यांचा डबा मात्र फ्री डिशसाठी उपयोगी पडत नाही, आणि जोडणी घेताना उपकरणे भाड्याने दिली होती की विकत, हे जुन्या पावतीवर पाहून मगच छत्रीला हात लावावा.

बारावीच्या घरासाठी

लातूरच्या संदर्भात या छत्रीचा एक उपयोग मनोरंजनाहून मोठा आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांमुळे परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर ओळखला जातो आणि अकरावी-बारावीसाठी दूरच्या तालुक्यांतून, परभणी-हिंगोलीपासून विद्यार्थी या शहरात खोली घेऊन राहतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाल्या आणि त्यांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र यांच्या ‘आयआयटी-पाल’ या स्वतंत्र वाहिन्या आहेत, ज्या अकरावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठीच बनवल्या आहेत. त्या जीसॅट-१५ वरूनच येतात, म्हणजे फ्री डिशसाठी लावलेली छत्री त्याच दिशेला असते. डबा नव्या पद्धतीचा असावा आणि त्यावर वाहिन्यांचा पूर्ण शोध घेतलेला असावा, एवढीच अट. व्याख्याने इंग्रजी-हिंदीत असतात ही उणीव खरी आहे, आणि शिक्षकाची जागा पडदा घेत नाही. पण मोबाइलचा डेटा संपला की थांबणाऱ्या चित्रफितीपेक्षा चोवीस तास विनामूल्य चालणारी वाहिनी ग्रामीण विद्यार्थ्याला अधिक भरवशाची आहे. तरीही छत्री बसवून देणारे सहसा या वाहिन्या लावून दाखवत नाहीत, आणि त्यामुळे ज्या घराला त्यांची सर्वाधिक गरज आहे तेथेच त्या अज्ञात राहतात. औसा, निलंगा, उदगीर, कंधार, मुखेड अशा तालुक्यांतील शाळांनी आपल्या एका वर्गात असा संच लावून पालकांना दाखवला, तर दोन हजार रुपयांत होणारे हे मोठे काम ठरेल.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने २,५३९ कोटी रुपयांहून अधिक खर्चाची ‘बाइंड’ ही प्रसारण योजना मंजूर केली आणि तिच्यात दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती तसेच आकांक्षित जिल्ह्यांतील लोकांना आठ लाखांहून अधिक फ्री डिश संच देण्याची तरतूद केली. लातूरचा शेजारी धाराशिव हा आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, म्हणून तेथील कुटुंबांनी संच विकत घेण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. नवा दूरचित्रवाणी संचच घ्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट विचारावी. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी आयएस १८११२ : २०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे, आणि त्याप्रमाणे बनलेल्या संचाला छत्रीची तार थेट जोडली की निःशुल्क वाहिन्या वेगळ्या डब्याविना आणि एकाच रिमोटवर दिसतात. असा संच दुकानात मागितला जाईल तितका तो लातूरच्या बाजारात लवकर येईल. तोपर्यंत एमपेग-४ डबा, तांब्याची तार आणि आग्नेयेकडे ६१ अंशांवर पाहणारी, हाताच्या उंचीवरची भक्कम छत्री हीच या भागातील घरासाठी योग्य खरेदी आहे.